पोरीचे एकतीस, संघाचे शेहेचाळीस

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेळगावच्या वडगावात यंत्रमाग चालवणाऱ्या एका वडिलांचं हे पत्र आहे. मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात. गेल्या वर्षी शाळेकडून आणि यंदा कॉलेजकडून खेळताना, दोन्ही वेळा जिल्ह्याच्या फायनलला संघ हरला. यंदाच्या फायनलमध्ये संघाचे ४६, त्यातले ३१ एकट्या तिचे, समोरच्यांचे ५२. वडील दर सामन्याला वही घेऊन जातात आणि तिचे पॉइंट लिहून ठेवतात. ‘बाकीच्या सगळ्यांनी मिळून १५ केले, आमच्या पोरीनं एकटीनं आणि किती ओढायचं?’ असं ते विचारतात. इतर मुलींच्या आया म्हणतात, ही पासच देत नाही. मुलगी ॲलन आयव्हर्सन, कार्मेलो अँथनी आणि केटलिन क्लार्क या अमेरिकी बास्केटबॉलपटूंचे व्हिडिओ दाखवून म्हणते, ‘यांना तरी कुठं कप मिळाला, पप्पा?’ बेंगळुरूच्या एका कॉलेजकडून विचारणा झाली आहे. वडिलांना तिला पाठवावंसं वाटतं, आईचा विरोध आहे. प्रश्न असा, की जास्त पॉइंट करणाऱ्यांच्या नशिबात कप नसतोच का? आणि संघ बदलला तर नशीब बदलेल का?

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रात एक आकडा नाही. समोरच्या संघाचे ५२ तुम्ही लिहिलेत; पण त्या संघात सगळ्यात जास्त पॉइंट कुणी केले आणि किती, ते कुठंच नाही. वहीत तो रकानाच नसणार. माझा अंदाज असा, की तिथं कुणी एकतीसच्या जवळपासही नसेल. तिघी-चौघींनी दहा-बारा, दहा-बारा वाटून घेतले असतील आणि बेंचवरून, म्हणजे बदली म्हणून, आलेल्या एखादीनं सहा-सात टाकले असतील. तुम्ही हिशेब मांडलात तो ३१ आणि १५ चा, आपल्याच संघाच्या आत. सामना ४६ आणि ५२ चा होता.

यात तुमचं एकट्याचं काही चुकलंय असं नाही. मी बरीच वर्षं टेबलावर बसून स्कोअरशीट भरत आले आहे. बास्केट झाली की चालू गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ ओढायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट, असेल तर त्या नंबराभोवती गोल. फ्री थ्रो असेल तर आकड्यावर भरीव ठिपका. बाजूला फाउल आणि टाइमआउट. झालं. स्क्रीन कुणी लावली (म्हणजे आपलीसाठी समोरचीची वाट कुणी अडवली), रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल, कुणी ओढला, कुणाच्या पासवर बास्केट झाली, कुणाच्या हातून बॉल गेला, यातलं काहीएक त्या कागदावर येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते तीही त्याच कागदावरून: ‘अमुकचे ३१ गुण, तरी पराभव.’ खेळाची अधिकृत नोंदच अशी असेल तर बापाची वही वेगळी कशी असणार?

आता नशिबाकडे वळू, कारण मुलीनं तुमच्यापुढं ठेवलेली यादी अगदीच खोटी नाही; कार्मेलोला कॉलेजचा कप मिळाला होता, एनबीएचा मात्र नाही. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग; तिथं २००० साली शकील ओनीलनं हंगामातली सामन्यामागे पॉइंटची सर्वाधिक सरासरी आणि अजिंक्यपद दोन्ही मिळवलं. त्यानंतर हे जमलं थेट २०२५ मध्ये, ओक्लाहोमा सिटीच्या शे गिल्जस-अलेक्झांडरला. मधल्या २४ हंगामांत त्या-त्या वर्षी सरासरीत पहिला आलेला एकही खेळाडू त्याच वर्षी कप घेऊन घरी गेला नाही. हे वाचून मुलगी म्हणेल, बघा, मी सांगत नव्हते! पण यातल्याच कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, केव्हिन ड्युरँट, स्टेफ करी यांनी इतर वर्षी कप जिंकलेले आहेत. आणि मायकेल जॉर्डन दहा वेळा सरासरीत पहिला आला, त्यातल्या सहा वेळा कपही त्याचाच. तेव्हा भरपूर पॉइंट करणं हा काही शाप नव्हे.

तिला विल्ट चेंबरलेनची गोष्ट सांगा, त्यात एकाच माणसाच्या दोन तऱ्हा बघायला मिळतात. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ होती. त्याच हंगामात, २ मार्च १९६२ रोजी, त्यानं न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्यानं १०० पॉइंट केले. आजवर कुणी तिथं पोचलेलं नाही. आणि कप? त्याचा फिलाडेल्फिया वॉरियर्स संघ बोस्टन सेल्टिक्सकडून मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात दोन पॉइंटनी हरला. पुढं १९६६-६७ मध्ये तो फिलाडेल्फियाच्याच सिक्सर्स संघाकडून खेळत होता. कोच ॲलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट कमी घ्यायला आणि बॉल वाटायला राजी केलं. सरासरी उतरून २४.१ वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी. असिस्ट, म्हणजे ज्यांवर बास्केट झाली असे पास, वाढून सामन्यामागे ७.८ झाले. संघानं ६८ सामने जिंकले, सलग आठ वेळा कप नेणाऱ्या त्याच सेल्टिक्सना वाटेत बाद केलं आणि अजिंक्यपद मिळवलं. माणूस तोच होता, उंचीही तीच. शिवाय त्या सेल्टिक्सचा आधार असलेला बिल रसेल बघा. १३ हंगामांत ११ कप, आणि एकाही हंगामात त्याची सरासरी २० वर गेली नाही. रिबाउंड आणि डिफेन्स ही त्याची कामं.

मात्र इथंच थांबलो तर तुमच्या मुलीवर अन्याय होईल. सगळेच बिनकपाचे खेळाडू स्वार्थी होते म्हणून हरले, असं म्हणायची एक सवय लोकांना लागली आहे. मला ती आळशी वाटते. कार्ल मलोनचे कारकिर्दीतले पॉइंट ३६,९२८. चार्ल्स बार्कले १९९३ चा सर्वोत्तम खेळाडू. दोघांनाही कप नाही. दोघांचा जन्म १९६३ चा, आणि जॉर्डनचाही १९६३ चाच! बार्कले १९९३ च्या फायनलमध्ये जॉर्डनच्या शिकागोकडून हरला, मलोन १९९७ आणि १९९८ च्या. त्याला कोण काय करणार? आयव्हर्सनचंही तसंच. २००१ मध्ये त्याच्याभोवती डिफेन्स करणारे, रिबाउंड काढणारे लोक नीट जमवून संघ बांधला होता. फायनलच्या पहिल्या सामन्यात ४८ पॉइंट करून त्यानं लेकर्सना हरवलंसुद्धा. त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, लेकर्स हरले तो तेवढा एकच सामना. समोर ओनील आणि कोबी होते, पुढचे चार त्यांनी घेतले. समोर कोण आहे, हे आपल्या हातात नसतं. वहीच्या एका कोपऱ्यात हेही लिहायला हवं.

आपल्याकडं आरसीबीचं दुखणं कुणाला वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये कोहलीच्या ९७३ धावा, आणि फायनल बेंगळुरूतच ८ धावांनी गेली. २०२५ मध्ये कप आला तेव्हा त्याच्या ६५७ होत्या, ऑरेंज कॅप दुसऱ्याच संघात गेली होती. हेझलवूडनं २२ विकेट काढल्या होत्या आणि फायनलचा सामनावीर होता कृणाल पंड्या. त्या रात्री बेळगावात फटाके वाजले तेव्हा कोहलीच्या धावा कमी झाल्या म्हणून कुणी हळहळलेलं मला तरी आठवत नाही.

तुमच्या मुलीच्या सगळ्यात जवळची गोष्ट मात्र केटलिन क्लार्कची. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत ३,९५१ पॉइंट, म्हणजे त्या श्रेणीतला विक्रम. तरी आयोवा विद्यापीठाकडून खेळताना ती २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन फायनल हरली, अगदी तुमच्या मुलीसारख्या. २०२४ ची फायनल पोरीला पुन्हा बघायला सांगा, पण या वेळी क्लार्ककडं न बघता. क्लार्कनं पहिल्या क्वार्टरमध्येच १८ टाकले, एकूण ३०. साउथ कॅरोलायना ८७-७५ नं जिंकलं. त्यांच्या बेंचवरून आलेल्या मुलींनी मिळून ३७ पॉइंट केले. आयोवाच्या बेंचचे शून्य. त्यांच्यातली सर्वाधिक पॉइंट करणारी टेसा जॉन्सन पहिल्या वर्षाची मुलगी होती, तीही बेंचवरूनच आलेली, तिचे १९. क्लार्कचं त्या दिवशी फारसं काही चुकलं नाही. दुसऱ्या बाजूला दमलेल्या मुलीच्या जागी ताजी मुलगी येत होती, एवढंच.

तुमच्या फायनलमध्ये काय झालं असेल, याचा मी अंदाज बांधते. चुकला तर मुलगी सांगेल. पीयू पातळीवरच्या संघात एक मुलगी उजवी असली की सगळं तिच्याकडं जातं. बॉल तीच वर आणते, शॉट तीच घेते, चुकला तर रिबाउंडलाही तीच धावते, आणि डिफेन्सला समोरच्यांची सगळ्यात चांगली खेळाडू तिच्याच गळ्यात. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. तिसऱ्यापर्यंत ती ओढते. चौथ्यात पाय जड होतात, थ्री रिंगच्या अलीकडं पडायला लागतात. समोरचे कोच तोवर वाटच बघत असतात. दोन मुली तिच्या अंगावर सोडतात. अशा वेळी तिच्या चौघींपैकी एक नक्की मोकळी असते. पण त्या मोकळ्या मुलीच्या हातात वर्षभर सरावात बॉलच आलेला नसेल, तर फायनलच्या चौथ्या क्वार्टरमध्ये तिच्याकडून लेअपची, म्हणजे रिंगजवळून टाकायच्या सोप्या शॉटची, अपेक्षा कशी करायची? बॉल हातातून सुटतो, आणि तुमची मुलगी मनाशी म्हणते, दिला होता पास, काय उपयोग झाला?

म्हणून ‘ती पासच देत नाही’ हे आयांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पास देणं हा स्वभावाचा गुण म्हणून बघू नका. ते दोघींनी मिळून घोटायचं काम आहे. शिकागोचं बघा. १९८६ मध्ये जॉर्डननं सेल्टिक्सविरुद्ध एका प्लेऑफ सामन्यात ६३ केले, आणि संघ तिन्ही सामने हरून बाहेर पडला. पुढं फिल जॅक्सन कोच झाले, टेक्स विंटर यांची ट्रँगल पद्धत रुजली, बॉल पाचही जणांच्या हातांतून फिरायला लागला, तेव्हा कुठं १९९१ मध्ये पहिला कप आला. १९९३ च्या फायनलचा सहावा सामना तर डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा. चौथ्या क्वार्टरमध्ये शिकागोचे तोवर नऊच पॉइंट झाले होते, नऊच्या नऊ जॉर्डनचे. शेवटच्या खेपेला सगळं मैदान जॉर्डनकडं बघत असताना बॉल त्याच्याकडून पिपेनकडं, पिपेनकडून ग्रँटकडं आणि ग्रँटकडून थ्रीच्या रेषेबाहेर एकट्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनकडं गेला. जेमतेम चार सेकंद उरले होते. थ्री पडला, ९९-९८. बार्कलेचा कप तिथं गेला, आणि तो नेला पॅक्सननं.

आता करायचं काय, ते सांगते. वही फेकू नका, उलट रकाने वाढवा. मुलीचे पॉइंट लिहिता, तसे तिनं घेतलेले शॉटही लिहा, पडलेले आणि चुकलेले दोन्ही. ३० शॉटमध्ये १२ पडले असतील, तर १८ वेळा बॉल हवेत होता आणि तो कुणाला मिळाला, हे तुमच्या वहीत नाही. तिच्या पासवर कुणाला शॉट मिळाला, तो पडो वा न पडो, त्याची एक खूण करा. हातातून बॉल गेला की दुसरी खूण. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ती बाहेर बसली होती त्या मिनिटांत स्कोअर किती होता आणि किती झाला. ती अजिबात बाहेर बसतच नसेल, तर तेच मोठ्या अक्षरात लिहा. पीटीच्या सरांशी बोलायचा पहिला विषय तो.

सरांशी बोलताना ‘बाकीच्या पोरी खेळत नाहीत’ असं म्हणू नका. त्या वाक्यानंतर सर ऐकायचं थांबवतात, मी त्यांच्या जागी असते तर मीही थांबवलं असतं. त्याऐवजी विचारा, की बॉल वर आणायला दुसरी एक मुलगी तयार करता येईल का. तुमची मुलगी बॉलशिवाय पळून, स्क्रीनच्या आडून मोकळी होऊन शॉट घ्यायला शिकली, तर तिचे पॉइंट फारसे कमी न होता दम निम्मा वाचेल. सरावात रोज दहा मिनिटं असा खेळ लावता येतो, की हिनं शॉट घ्यायचाच नाही, फक्त दोघींना अंगावर ओढून तिसरीला द्यायचं. पहिले पंधरा दिवस भयंकर दिसतं, बॉल सगळीकडं सांडतो. चालू द्यायचं. दुसरा खेळ ड्रिबलशिवायचा, नुसत्या पासवर रिंगपर्यंत जायचं.

एक खास आपल्याकडची गोष्ट. तुमच्या मुलीच्या संघात कानडी, मराठी, उर्दू बोलणाऱ्या मुली असतील. बाहेर हसत-खेळत सगळ्या भाषा मिसळतात, पण दडपण आलं की प्रत्येकजण आपल्या घरच्या भाषेत ओरडते. एकीनं ‘डावीकडं!’ म्हणून ओरडावं आणि दुसरीनं वळून बघेपर्यंत स्क्रीन लागलेली असावी, हे मी टेबलावरून कितीदा पाहिलंय. सात-आठ हाका ठरवून टाका, कुठल्याही भाषेतल्या चालतील, आकडे तर सगळ्यात सोपे. आणि सरावात त्याच हाका मोठ्यानं मारायच्या, तोंडातल्या तोंडात नाही.

तुमच्यासाठीही एक सूचना आहे, जरा अवघड. गॅलरीतून ‘तूच मार!’ असं ओरडत असाल, तर ते बंद करा. ती आवाज ओळखते. बाकीच्या चौघीही ओळखतात. आणि सामना संपवून गाडीवरून घरी येताना ‘किती झाले?’ हा पहिला प्रश्न नको. ‘आज कुणाबरोबर खेळायला मजा आली?’ असं विचारून बघा. पहिल्यांदा ती ‘कुणाबरोबरच नाही’ म्हणेल.

हे वाचणाऱ्या ज्या आई-वडिलांची मुलगी संघातली चौथी किंवा पाचवी असेल, त्यांनाही सांगते. स्टारवर राग धरून तुमच्या पोरीच्या हातात बॉल येणार नाही. तिला डाव्या हाताचा लेअप आणि फ्री थ्रो या दोनच गोष्टी पक्क्या करायला लावा. दुहेरी पहाऱ्यातून सुटलेला बॉल बहुतेक वेळा त्याच जागी येतो.

राहिला बेंगळुरूचा प्रश्न. तुमच्या पत्रात तुमचं मत आहे, आईचं आहे, इतर आयांचंही आहे. जाणार जी, तिचं नाही. आधी तिला विचारा, आणि उत्तरासाठी चार दिवस द्या. माझं मत विचाराल तर कपासाठी संघ बदलू नका, पण खेळ वाढण्यासाठी बदलायला माझी हरकत नाही. तिथं रोज तिच्या तोडीच्या, तिच्यापेक्षा वरचढ मुलींबरोबर सराव मिळणार असेल, चांगलं कोर्ट आणि पूर्ण वेळ कोच असेल, तर तो खरा फायदा आहे. पीयूसीचं दुसरं वर्ष बोर्डाचं. आईचा विरोध त्यासाठी असेल तर तो खेळाविरुद्धचा समजू नका. पहिल्या वर्षानंतर कॉलेज बदलताना कागदपत्रांचं काय, आणि नव्या कॉलेजकडून त्याच वर्षी स्पर्धा खेळता येते का, हे दोन्ही कॉलेजांत लेखी विचारून घ्या. हॉस्टेलचं जेवण, सरावाच्या वेळा आणि दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हेही विचारा. तोंडी आश्वासनावर दाखला काढू नका.

आणि जायच्या आधी तिला केल्सी प्लमबद्दल वाचायला द्या. क्लार्कच्या आधी त्याच श्रेणीत मुलींमधला पॉइंटचा विक्रम तिचा होता, ३,५२७. कॉलेजचा कप तिलाही मिळाला नाही. व्यावसायिक लीगमध्ये लास व्हेगासच्या संघात मात्र २०२१ मध्ये तिला बेंचवरून यावं लागलं, आणि बेंचवरून येणाऱ्यांमधली त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. २०२२ आणि २०२३ मध्ये त्या संघानं लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवली. आजा विल्सनसारखी खेळाडू शेजारी होती, आणि सगळा भार एकटीवर नव्हता.

तेव्हा बेंगळुरूच्या कोचना भेटाल, तेव्हा मुलीला बरोबर घेऊन जा आणि तिच्यासमोरच विचारा, की पहिले काही महिने हिला बेंचवर बसवणार का. ते ‘छे छे, हिच्यासाठीच तर संघ बांधतोय’ म्हणाले, तर इथंच राहिलेलं बरं. तसा संघ तुमच्याकडं आधीच आहे. ‘बसवू कदाचित, बघू’ म्हणाले, तर कोचकडं बघू नका, मुलीकडं बघा. तिला ते चालणार असेल, तर फॉर्म भरा.